आपल्याच पहारेकऱ्यांचें बंड

अंगावर फोड उठला, कीं तो बाहेरच्या कशाचा तरी संसर्ग असावा, असें आपण सहज धरून चालतों. देवीच्या साथी पाहिलेल्या पिढ्यांना तसें वाटणें स्वाभाविकच होतें. परंतु कांहीं दुर्मीळ फोड असे आहेत, कीं त्यांचा कर्ता अखेर घरांतलाच निघाला. त्या शोधाचा हा वृत्तांत.

इ. स. १७९१ मध्यें विख्मान या जर्मन वैद्यानें अशा एका चिवट रोगास ‘पेम्फिगस’ हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘फोड’. नांव मिळालें, पण कारण सांपडेना. तोंडांत व्रण, अंगावर सैल फोड आणि ते फुटून उघडी पडलेली त्वचा, अशा अवस्थेंत बहुतेक रोगी कांहीं वर्षांतच दगावत. १९४३ मध्यें सिवाट या फ्रेंच तज्ज्ञानें दाखविलें, कीं या रोगांत त्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. चुना झडलेल्या भिंतींतल्या विटांप्रमाणें. १९५३ मध्यें बोस्टनच्या लीव्हर यांनीं, ज्यांत त्वचेचा वरचा थरच सबंध उचलला जातो, असा मुख्यतः वृद्धांना होणारा ‘पेम्फिगॉइड’ निराळा ओळखला.

पण चुना झडतो कशानें? शरीर स्वतःवर शस्त्र उगारणें टाळतें, असें एर्लिख या थोर संशोधकाचें मत होतें व तें दीर्घकाळ प्रमाण मानलें गेलें. १९६४ मध्यें बफेलो येथें ब्यूटनर व जॉर्डन यांना पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तांत स्वतःच्याच त्वचेवर चालून जाणारीं प्रतिद्रव्यें आढळलीं. रोगजंतूंवर सोडावयाचे पहारेकरीच घर पाडीत होते! पुढें कळलें, कीं त्यांचा रोख पेशी सांधणाऱ्या ‘डेस्मोग्लीन’ नामक प्रथिनांवर असतो.

१९५० नंतर कॉर्टिझोनच्या जातीचीं औषधें आलीं आणि मरणारे पुष्कळ जण वांचूं लागले. मात्र पहारा दडपला, कीं खऱ्या चोरासही दार मोकळें होतें. म्हणून हे उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालींच व्हावे लागतात. २०१८ मध्यें अमेरिकेंत पेम्फिगससाठीं मान्य झालेलें रिटुक्सिमॅब हें औषध प्रतिद्रव्यांच्या मूळ कारखान्यावरच घाव घालतें.

या इतिहासाचा गृहस्थाश्रमी माणसानें घ्यावयाचा बोध साधा आहे. हा रोग स्पर्शानें कोणासही होत नाहीं. म्हणून अशा रोग्याचें ताट निराळें मांडूं नये. त्याला लवकर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावें आणि आपल्या पंक्तीस बसवावें.