दोन वाढदिवस: मायकेलअँजेलो आणि जोशी

६ मार्च १९९२ हा शुक्रवार होता. त्याआधीचे काही आठवडे अमेरिकेतली वर्तमानपत्रं आणि टीव्हीवरच्या बातम्या लोकांना बजावत होत्या की त्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच करू नका. अगदीच गरज असेल, तर आदल्या रात्री मशीनमधली तारीख बदला, पाचवरून थेट सातवर उडी मारा. सहा तारीख उजाडलीच नाही तर संकट तरी कुठून येणार? पंचांगातली तिथीच खोडून ग्रहण टाळण्यासारखा हा प्रकार. गंमत म्हणजे तो खरोखर चालण्यासारखा होता.

संकटाचं नाव होतं मायकेलअँजेलो. १९९१मध्ये ऑस्ट्रेलियात रॉजर रिऑर्डन यांच्या हाती हा व्हायरस लागला. त्यांनी तो उलगडून पाहिला, तर आत एक तारीख दडलेली होती, ६ मार्च. कुणाच्या तरी लक्षात आलं की हा तर इटलीच्या त्या थोर शिल्पकाराचा जन्मदिवस, १४७५ सालचा. झालं, बारसं उरकलं. त्या व्हायरसमध्ये मायकेलअँजेलोचा उल्लेख कुठेही नव्हता. ज्याने तो लिहिला त्याला बहुधा पुतळ्यांशी काही देणंघेणं नसावं. पण मथळ्यात 'स्टोन्ड व्हायरसची सुधारित आवृत्ती' छापण्यापेक्षा 'मायकेलअँजेलो' छापणं कुठल्याही संपादकाला आवडणारच.

तो काम कसा करायचा हे समजून घ्यायला आपल्याला फोन जरा बाजूला ठेवावा लागेल. तेव्हा बहुतेक पीसी एकमेकांना जोडलेले नव्हते. माहिती एका मशीनमधून दुसऱ्यात जायची ती फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपी जायची माणसाच्या खिशातून. हा व्हायरस फ्लॉपीच्या आणि हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या भागात बसायचा, जो मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचला जातो. समजा, संध्याकाळी घाईघाईत फ्लॉपी ड्राइव्हमध्येच राहिली. सकाळी मशीन चालू केलं, पडद्यावर 'ही सिस्टिम डिस्क नाही' अशा अर्थाचा संदेश आला. तुम्ही चुकचुकत फ्लॉपी काढली, बटण दाबलं, कामाला लागलात. तेवढ्यात काम झालेलं असायचं. त्यानंतर त्या मशीनमध्ये घातलेली जवळपास प्रत्येक फ्लॉपी तो बाधित करायचा, आणि वर्षाचे उरलेले दिवस गुपचूप पडून राहायचा.

६ मार्चला मशीन सुरू केलं की मात्र तो डिस्कच्या सुरुवातीच्या मोठ्या भागावर निरर्थक मजकूर लिहून टाकायचा. कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका त्याच भागात असते. बॅकअप नसेल तर हिशेब, पत्रं, प्रबंध, सगळं संपलं. म्हणजे धोका खोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. (ज्या जुन्या मशीनमध्ये स्वतःचं घड्याळच नव्हतं, ती यातून सुटली. त्यांना आज कोणती तारीख आहे हेच ठाऊक नसायचं.)

प्रश्न होता तो किती मशीनमध्ये पोचलाय याचा. जानेवारी १९९२मध्ये लीडिंग एज या अमेरिकन कंपनीने कबूल केलं की त्यांच्याकडून सुमारे ५०० नवेकोरे पीसी हा व्हायरस घेऊनच बाहेर पडले. पाठोपाठ इंटेलच्या एका सॉफ्टवेअरच्या आठशेहून अधिक प्रतीही बाधित निघाल्या. इथपर्यंत आकडे मोजलेले होते. यापुढे मात्र कुणी काही मोजलं नाही, आणि मोजणार तरी कसं? आज एखादी कंपनी सर्व्हरवरून पाहून सांगू शकते की अमुक इतके फोन बाधित आहेत. तेव्हाचा पीसी टेबलावर एकटा बसलेला असायचा, आतून आजारी असला तरी कुणाला कळायचं नाही.

मग पत्रकारांनी तज्ज्ञांना फोन लावले. तज्ज्ञ कोण, तर अँटिव्हायरस विकणारे. त्यांतले सगळ्यात बोलके होते जॉन मॅकॅफी. त्यांच्या नावाने फिरलेला अंदाज होता पन्नास हजार ते पन्नास लाख कॉम्प्युटरचा. जरा थांबून हा आकडा पाहा. वरचं टोक खालच्या टोकाच्या शंभरपट आहे. 'उद्या पुण्यात एक ते शंभर मिलिमीटर पाऊस पडेल' असं हवामान खात्याने सांगितलं तर आपण हसू. बातम्यांमध्ये मात्र पन्नास हजार हळूहळू गळून पडले आणि पन्नास लाख उरले.

यात कुणी ठरवून कट केला होता असं मला वाटत नाही. एका बाजूला बातमीदार होता, ज्याला आकडा हवा होता. दुसऱ्या बाजूला विक्रेता होता, ज्याच्याकडे आकडा होता. आणि मध्ये एक पक्की तारीख होती, जी बाकीच्या शेकडो व्हायरसांकडे नव्हती किंवा इतकी ठसठशीत नव्हती. तारीख असली की उलटी मोजणी करता येते, रोज एक बातमी देता येते. वेळ संपत आली असं नुसतं म्हटलं तरी पुरतं.

भीतीची जमीन आधीपासून भिजलेली होतीच. 'व्हायरस' हा शब्द फ्रेड कोहेनने १९८४च्या आपल्या निबंधात वापरला, सुचवला होता त्याच्या प्राध्यापकाने, लेनर्ड एडलमनने. हीच ती वर्षं, जेव्हा एड्सच्या बातम्यांनी जग घाबरलेलं होतं. दुसरा एखादा शब्द असता, समजा 'वाळवी', तर लोक इतके हादरले असते का? सप्टेंबर १९८८मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने व्हायरसांवर मुखपृष्ठकथा केली. त्याच वर्षी पीटर नॉर्टन यांनी मात्र एका नियतकालिकाला सांगितलं होतं की कॉम्प्युटर व्हायरस म्हणजे न्यूयॉर्कच्या गटारांतल्या मगरींसारखी लोकवदंता आहे. हो, तेच नॉर्टन. पुढच्या तीनेक वर्षांत त्यांच्याच नावाचा अँटिव्हायरस दुकानात आला.

शब्दाचा परिणाम आपल्याकडेही किती लांबवर पोचला याचा पुरावा म्हणजे शाळांमधल्या कॉम्प्युटर लॅब. आमच्या लॅबबाहेर चपला काढायला लागायच्या. खरं कारण धूळ. पण आम्हा मुलांना सांगितलेलं कारण होतं, 'आत व्हायरस जाईल.' आम्ही पाय झटकून आत जायचो.

आता जोशींकडे वळते. मायकेलअँजेलोच्या आधी, १९९०मध्ये, भारतात एक व्हायरस सापडला. कुळी तीच, फ्लॉपी आणि डिस्कच्या पहिल्या भागात बसणारा. तोसुद्धा वाढदिवसाचाच. दरवर्षी ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि पडद्यावर फर्मान यायचं की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. तुम्ही निमूट टाइप केलंत की मशीन पुन्हा चालू. विषय संपला. हे जोशी कोण, मराठी, गुजराती की कुमाऊँकडचे, हे कळलेलं नाही. मला आपलं वाटतं की शुभेच्छा दिल्याशिवाय आत सोडायचं नाही हा हट्ट सदाशिव पेठेत शोभून दिसला असता, पण हा पुरावा कोर्टात टिकणार नाही.

जोशी व्हायरस भारताबाहेरही भरपूर पसरला. पण त्याच्यासाठी कुणी तारखा बदलल्या नाहीत की रात्री जागवल्या नाहीत. तो डिस्क पुसत नव्हता, हे त्याचं मुख्य कारण. तरी एक गोष्ट यातून दिसते. व्हायरस किती पसरलाय आणि त्याची बातमी किती पसरलीय या दोन वेगळ्याच साथी असतात.

६ मार्च आला आणि गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या काही औषधदुकानांचे कॉम्प्युटर बसले, इकडेतिकडे डिस्क पुसल्या गेल्या. नंतर जे अंदाज आले ते जगभरात मिळून दहा ते वीस हजारांचे. ज्याची डिस्क गेली त्याच्यासाठी ते शंभर टक्के नुकसान होतं, हे खरंच. पण पन्नास लाख कुठे आणि वीस हजार कुठे!

७ मार्चला दोन गट पडले. एक म्हणाला, बघा, फुगा फुटला. दुसरा म्हणाला, आम्ही इशारा दिला म्हणूनच तर वाचलात. हा दुसरा युक्तिवाद फार चिवट असतो, कारण तो खोटा पाडता येत नाही. त्यात तथ्यही आहे. त्या पंधरवड्यात असंख्य लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली मशीन तपासली, सिमँटेकने तर मायकेलअँजेलो शोधणारी आवृत्ती फुकट वाटली. तपासणीत मायकेलअँजेलो सापडला नाही तरी स्टोन्डसारखे इतर व्हायरस सापडले. मात्र हा युक्तिवाद करणाऱ्यांनी पन्नास लाखांचा हिशेब काही दिला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅकॅफींची कंपनी शेअर बाजारात उतरली.

या सगळ्याची किंमत नंतर कुणी तरी मोजली, असं मला वाटतं. २६ मार्च १९९९ला मेलिसा नावाचा व्हायरस ईमेलमधून पसरला. मोठमोठ्या कंपन्यांच्या मेलव्यवस्था कोलमडल्या, जगभर मथळे झाले, आठवडाभरात अमेरिकेत एकाला अटकही झाली. बरोबर एका महिन्याने, २६ एप्रिलला, सीआयएच फुटला. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला, त्याच्याच आद्याक्षरांचा. तारीख चेर्नोबिल दुर्घटनेची, म्हणून लोकांनी त्यालाही दुसरं नाव चिकटवलं. तो डिस्कचा पहिला भाग पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डवरची बायॉस चिपही खराब करायचा. मग मशीन सुरूच व्हायचं नाही, म्हणजे फॉरमॅट मारून पुन्हा उभं करण्याचीही सोय राहायची नाही. इशारे याही वेळी दिले गेले होते. पण आठ-दहा वर्षं दर तारखेला लांडगा आला रे ऐकून कान किटले होते.

तडाखा बसला तो मुख्यतः आशियाला. दक्षिण कोरियात सगळ्यात जास्त, आणि भारतातही. नकली सीडीवरचं सॉफ्टवेअर आणि ताजा नसलेला अँटिव्हायरस, ही तेव्हाच्या आपल्या ऑफिसांची नेहमीची स्थिती. नुकसान मेलिसापेक्षा खोल होतं. पण ज्यांचं झालं ते लोक अमेरिकन टीव्हीपासून लांब होते, आणि ज्यांच्या मशीन गेल्या त्यांना काय झालं हे सांगायला गल्लीतला दुरुस्तीवालाच होता. आपल्याकडचा हा उद्योग तिथूनच वाढला. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं.

दरम्यान भीतीला व्हायरसची गरजच उरली नव्हती. १९९४च्या अखेरीस एक ईमेल फिरू लागला: 'गुड टाइम्स' नावाचा मेल आला तर उघडू नका, डिस्क पुसली जाईल, हा निरोप सगळ्यांना पाठवा. असा व्हायरस अस्तित्वातच नव्हता. पसरत होता तो इशारा. लोक स्वतःच्या हाताने, काळजीपोटी, त्याच्या प्रती काढत होते.

आमच्या घरच्या ग्रुपवर त्याचा नातू येतो. 'उद्या व्हॉट्सॲपवर मार्टिनेली नावाचा व्हिडिओ येणार आहे, उघडू नका, फोन हॅक होतो, कशानेही ठीक होत नाही.' गेली काही वर्षं तो व्हिडिओ उद्याच येणार आहे. मागच्या वेळी मी मावशीला लिहिलं की अगं, हे खोटं आहे, असा व्हिडिओच नाही.

'तुझ्या फोनवर आला का तो?' मावशीने विचारलं.

'नाही.'

'मग! मी सगळ्यांना सांगितलं म्हणून.'