दुर्लक्ष सोसणारी झाडं

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. आषाढी वारीला निघालेली तुकोबांची पालखी इथं मुक्कामाला असते. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून देवाला हे नाव पडलं, असं सांगतात. आज त्या पेठेत पाय ठेवायला जागा नाही. पण एकेकाळी गावाची वस्ती संपली की निवडुंग सुरू व्हायचा, हे देवाच्या नावातून अजून कळतं.

माझ्या आजीचं माहेर सासवडकडचं. तिच्या बोलण्यात परसाची वई यायची ती शेराची नाहीतर साबराची. फांदी तोडून खोचली की झालं, पाणी नको की राखण नको. गुरं चीक ओळखून असतात, तोंड लावत नाहीत. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर काय होतं, हे खेड्यात लहान पोरालाही ठाऊक असायचं. वैद्य मात्र याच साबराच्या चिकात आणि हळदीत दोरा भिजवून भगंदरावर क्षारसूत्र करायचे, अजूनही करतात. आपल्या डोंगरउतारांवरचा काटेरी साबर कॅक्टस नव्हेच. काप दिल्यावर पांढरा चीक आला तर तो शेराच्या गोतातला. खरे कॅक्टस जवळजवळ सगळे अमेरिकेतले.

फड्या निवडुंग हा त्या अमेरिकी घराण्यातला. तो इथं फोफावला, त्यात कंपनी सरकारच्या हावेचा वाटा मोठा. मेक्सिकोत फड्यांवर कोचिनील नावाचा किडा पोसतात. तो वाळवून किरमिजी रंग काढतात आणि एका पौंडाला सुमारे सत्तर हजार किडे लागतात. स्पेननं हा व्यापार मुठीत धरला होता आणि इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या लाल कोटांना तोच रंग लागायचा. मग मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन यांनी किड्यासाठी निवडुंगाची बागच केली. १७९५ साली कॅप्टन नीलसन रिओ दि जानेरोहून किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. निघाला तो भलताच किडा, मेक्सिकोतल्या पाळीव जातीचा रानटी भाऊबंद. रंग हलका, धंदा बसला. पण या भुकेल्या पाहुण्यानं इथल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला! कारखाना काढायला गेले आणि हाती तणनाशक लागलं. १८३६ ते १८३८च्या सुमारास तोच किडा दक्षिणेत मुद्दाम नेऊन सोडला. तणावर कीड सोडून यश आल्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात, आणि त्याची सुरुवात अशी फसगतीतून झाली.

दख्खनच्या माळावर माजलेल्या जातींना मात्र हा किडा शिवेना. एक फडा गळून पडला की तिथंच मुळं धरणार, बोंडं खाऊन पाखरं बिया टाकणार. गायरानं गेली, गावाबाहेरच्या वाटा गेल्या, आत सापांना आणि रानडुकरांना आयतं घर झालं. हेच झुडूप दुष्काळात उपयोगीही पडायचं. काटे जाळून फडे गुरांपुढे टाकले की जनावर कसंबसं तगायचं, आणि बोंडांवरची बारीक कुसं धुळीत घोळवून काढली की पोरांची तोंडं लाल व्हायची. लोकांना हे झुडूप नको होतं आणि हवंही होतं. शेवटी १९२६ साली सिलोनहून कोचिनीलची दुसरी जात दक्षिण भारतात आणली. मद्रास इलाख्यात पाच-सहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. पुढे तोच किडा देशभर पसरला. आज गावाच्या कडेला फड्यांची भिंत दिसत नाही, ती कुऱ्हाडीपेक्षा याच किड्यामुळे.

माझ्या गच्चीत एक फड्या आहे. त्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की नर्सरीवाला औषधाची बाटली पुढे करतो. मी आधी एक पुंजका नखानं चिरडते. बोट किरमिजी होतं. दोन शतकांपूर्वी ज्याच्यासाठी जहाजं हाकली, तो इथं फुकट आहे. मग मात्र मीही फडा पाण्याच्या जोरदार धारेखाली धरते.

हल्ली रोपवाटिकांत ‘काही करावं लागत नाही’ म्हणून ही झाडं विकतात. वईला शेर लावणाऱ्यांचंही हेच म्हणणं होतं. मला विक्रेत्यांचा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आफ्रिकेतली, मेक्सिकोतली डझनभर नावं त्यांना पाठ असतात, आणि आपल्या कड्यावरची शिंदळ माकुडी विचारली तर चेहरा कोरा. १८६०च्या दशकात डाल्झेल या वनाधिकाऱ्यानं जुन्नरजवळच्या हिवऱ्याच्या परिसरातून तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिचं फ्रेरिया इंडिका असं बारसं केलं. शिवनेरीवर ती आहे, पुरंदरशेजारच्या वज्रगडावर आहे, सह्याद्रीत आणखी मोजक्या कड्यांवर. बाकी जगात कुठंही रानात नाही. मांसल खोडाला पानं, उन्हाळ्यात ती गळतात, पावसाळा सरता सरता तांबूस किरमिजी चांदणीसारखी फुलं येतात. वास असा की माश्या धावून येतात.

कड्यावरून ती उपटून आणणाऱ्याला मी घरात घेणार नाही. पण हौशी माणसाच्या कुंडीतला एक तुकडा पुरतो. काप दोन दिवस सावलीत सुकू द्यायचा, खडीत रेती आणि थोडी माती मिसळून त्यात टेकवायचा, पाणी हात राखून द्यायचं. युरोपातल्या शौकिनांनी ती अशीच कुंड्यांतून वाढवली. पुण्यातही वाढते, फक्त भर पावसात कुंडी छपराखाली सरकवायला विसरायचं नाही, नाहीतर बुंधा कुजतो.