गहाण घरातील भाडेकरू : मुंबईतील ताबाहक्काचा बदलता कायदा

प्रस्तावना

मुंबईच्या भाडेकायद्याचा इतिहास बहुधा घरमालक व भाडेकरू या दोघांचाच इतिहास म्हणून मांडला जातो. घर गहाण ठेवून घेणारा सावकार वा बँक हा तिसरा पक्ष त्यात क्वचितच दिसतो. मालकाने कर्ज थकविले आणि बँक दाराशी आली, तर दरमहा नियमित भाडे भरणाऱ्या कुटुंबाचे काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकभरात अनेकदा बदलले. त्या बदलांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दोन कायद्यांचे दोन प्रवाह

पहिल्या महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई निर्माण झाली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. या परंपरेतील सर्वांत प्रभावी कायदा १९४७ चा. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला आणि १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण भाड्याचा आधार ठरले. भाडी गोठली, तशी पागडीची प्रथा बळावली. या सर्व व्यवस्थेत भाडेकरूला काढण्याची कारणे कायद्याने ठरवून दिली होती; मालकावर कर्ज झाले हे त्यांपैकी कारण नव्हते.

दुसरा प्रवाह मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचा. गहाणापूर्वीच वैध भाडेपट्टा झालेला असेल, तर धनकोच्या हाती येते ती भाडेकरूसह असलेली मालमत्ता, हे तत्त्व सरळ आहे. गहाणानंतरच्या भाडेपट्ट्यासाठी १९२९ मध्ये कलम ६५अ घालण्यात आले. त्यानुसार मालक घर भाड्याने देऊ शकतो, परंतु गहाणखतात वेगळी अट नसावी, भाडे वाजवी असावे, नूतनीकरणाची हमी नसावी, इमारतीच्या बाबतीत मुदत ३ वर्षांहून अधिक नसावी आणि अधिमूल्य किंवा आगाऊ भाडे घेतलेले नसावे. यातील शेवटची अट मुंबईच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पागडी हे अधिमूल्यच होय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली. मात्र गहाणानंतर पागडी देऊन आलेला भाडेकरू कलम ६५अ च्या कसोटीवर अडचणीतच राहतो. एका कायद्याने जे स्वीकारले, तेच दुसऱ्या कायद्यापुढे भाडेकरूच्या विरोधात जाते, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

२००२ नंतरचा संघर्ष

हे दोन प्रवाह दीर्घकाळ समांतर वाहिले, कारण बँकेला वसुलीसाठी दिवाणी न्यायालयाची आणि १९९३ च्या कायद्यानंतर कर्जवसुली न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागे. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने चित्र पालटले. कर्जदारास ६० दिवसांची मागणी-नोटीस द्यावयाची, रक्कम न भरल्यास न्यायालयात न जाता ताबा घ्यावयाचा आणि गरज भासल्यास जिल्हा दंडाधिकारी वा मुख्य महानगर दंडाधिकारी यांचे साहाय्य घ्यावयाचे, असा अधिकार बँकांना मिळाला. मागणी-नोटीस मिळाल्यानंतर धनकोच्या लेखी संमतीविना घर भाड्याने देण्यास कर्जदाराला मनाई झाली. ही नोटीस जाते कर्जदाराच्या नावे. भाडेकरूला प्रकरण कळते ते बहुधा दारावर चिकटविलेल्या ताबा-नोटिशीवरून किंवा वृत्तपत्रातील जाहिरातीवरून.

भाडेकरूने दाद कोठे मागावी, हा पहिला पेच होता. हर्षद गोवर्धन सोंडागर प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, तत्कालीन तरतुदींनुसार न्यायाधिकरण भाडेकरूला ताबा परत देऊ शकत नाही. म्हणून दंडाधिकाऱ्याने ताब्याचा आदेश देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. विशाल एन. कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या खटल्यात (२०१६) न्यायालय त्याही पुढे गेले. सरफेसी कायद्यातील सर्वोपरी कलमाच्या आधारे राज्याच्या भाडेकायद्याचे संरक्षण निष्प्रभ करता येणार नाही, असे त्याने म्हटले. यामागील व्यवहार ओळखणे कठीण नाही : जो मालक भाडेकरूला कायद्याने काढू शकत नाही, त्याने घर गहाण ठेवावे, हप्ते थकवावेत आणि उरलेले काम बँकेवर सोपवावे! त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १७(४अ) आले आणि भाडेकरूच्या दाव्याची तपासणी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. अर्जाची मुदत ४५ दिवसांची आहे.

तथापि बजरंग श्यामसुंदर अगरवाल विरुद्ध सेंट्रल बँक ऑफ इंडिया या प्रकरणात (२०१९) त्रिसदस्यीय पीठाने या संरक्षणाला कुंपण घातले. गहाणापूर्वीची वैध भाडेदारी अबाधित राहील. गहाणानंतरची, पण मागणी-नोटिशीपूर्वीची भाडेदारी कलम ६५अ च्या अटींत बसली पाहिजे. आणि एक वर्षाहून अधिक मुदतीचा दावा करणाऱ्याकडे नोंदणीकृत दस्त हवा. केवळ तोंडी करारावर विसंबणाऱ्यास त्याहून अधिक काळ ताबा मागता येणार नाही. मुदत संपूनही राहणाऱ्या कब्जेदारास भाडेकायद्याचा आधार मिळणार नाही, असेही पीठाने स्पष्ट केले.

हा निकाल जुन्या चाळींतील रहिवाशांना जड जाणारा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची भाडेदारी तेथे भाडेपावत्या, वीजदेयके आणि शिधापत्रिका यांवरच उभी असते. १९९९ च्या कायद्याने (कलम ५५) करार नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी न केल्यास शिक्षाही त्यालाच आहे. प्रत्यक्षात नोंदणीअभावी घर गमावण्याचा धोका मात्र भाडेकरूच्या वाट्याला येतो.

आज मुंबईत ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्याची स्थिती याहूनही दुबळी आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना तत्कालीन दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला होता. त्यानंतरच्यांना तो नाही. परवान्यातून मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. त्यामुळे बँकेने ताबा मागितल्यास परवानाधारकाला बहुधा बँकेशी बोलून घर सोडण्यासाठी थोडी मुदत मिळवावी लागते, आणि अनामत रकमेसाठी त्याच कर्जबुडव्या मालकाचे दार ठोठावावे लागते.