वज्रेश्वरीचं गरम पाणी

मुलगा कल्याणला असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं बीडहून त्याच्याकडे गेलो होतो. हिचे गुडघे फार दुखत होते. सूनबाई म्हणाली, "बाबा, आईंना वज्रेश्वरीला नेऊन आणा. गरम पाण्यात बसलं की बरं वाटतं." भिवंडीमार्गे सकाळी गेलो, संध्याकाळी परत आलो.

मला खरी ओढ देवळाची होती. पस्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. वसईचा वेढा हा माझा आवडता पाठ. १७३७ साली मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. किल्ला हाती येत नाही, तर निदान माझं मस्तक तरी तोफेने आत टाका, असं चिमाजीअप्पा म्हणाले, ही आख्यायिका सांगताना माझा आवाज चढायचा. वसई मिळाली तर देवीला किल्ल्यासारखं देऊळ बांधीन, असा त्यांचा नवस होता म्हणतात. ते देऊळ आता प्रथमच पाहिलं. दगडी पायऱ्या, भक्कम तट, दारावर नगारखाना. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात अप्पाही गेले.

तिथून जवळच तानसा नदीकाठी अकलोलीची कुंडं आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. राजापूर, तुरळ, उन्हवरे इथेही असे झरे आहेत. ही म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात एका हंड्यासाठी कोसभर चालले मी. इथं देवानं तापवूनच ठेवलंय!"

पुरुषांच्या कुंडात शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. वसईचे ख्रिस्ती शेतकरी. बोलणं मराठीच, पण त्यांच्या वळणाचं. मी मास्तर होतो म्हटल्यावर हसून म्हणाले, "मग वसईचा धडा शिकवला असणार. त्यात आमची माणसं कुठं असायची हो?"

मला उत्तर सुचलं नाही.

खरं तर सांगण्यासारखं होतं. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिलं गेलं. जाणाऱ्या रहिवाशांना चीजवस्तू नेण्याची मुभा होती आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. त्या विजयासाठी आपलीही हजारो माणसं पडली होती. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण परीक्षेत यायच्या सनावळ्या आणि 'कारणे द्या'. तोफेपाशी माझा आवाज चढायचा आणि तहाच्या कलमांपाशी तास संपायचा.

रात्री नातवानं विचारलं, "आजोबा, काय पाहिलंत?" त्याला वसईचा वेढा सांगितला. या वेळी कलमांपर्यंत पोचलो. तो जागा होता.

हिचे गुडघे दोन दिवस बरे होते.