खिशातला घडीचा चाकू (भंडारा जिल्हा)

मुठीच्या खाचेत पाते मिटून ठेवता येते असा, साधारण पाच ते साडेसात सेंटिमीटर पात्याचा लहान चाकू. उघडलेले पाते जागी पक्के करणारी कळ, कडी किंवा बटण या चाकूला नसते. पाते उघडे राहते ते केवळ स्प्रिंगच्या दाबावर आणि पाठीकडून जोर आला की मिटते. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांत शेतकरी, ढिवर (मासेमार), वायरमन, रोपवाटिकेतले कामगार अशा अनेकांच्या खिशात तो सापडतो. शेतीच्या अवजारांत त्याची गणना होत नाही, स्वयंपाकघरातल्या वस्तूंतही होत नाही. त्यामुळे रोज हाताशी असूनही त्याच्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही.

त्याची रचना साधी आहे, पण तिच्यातच या चाकूचे सगळे मर्म आहे. मुठीच्या दोन बाजूंमध्ये, पाठीकडे, पोलादाची एक लवचिक पट्टी बसवलेली असते. पात्याचा मुठीतला बुंधा चौकोनी घडवलेला असतो. पाते पुरते उघडले की बुंध्याची एक सपाट बाजू त्या पट्टीला टेकते, पुरते मिटले की दुसरी. अधल्यामधल्या स्थितीत बुंध्याचा कोपरा पट्टीला उचलून धरतो. म्हणून उघडताना आधी नखाला विरोध जाणवतो आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पाते आपसूक ‘टक्’ करून जागी बसते. चांगल्या चाकूत हा आवाज उघडताना आणि मिटताना सारखाच स्पष्ट येतो. पात्याच्या वरच्या कडेजवळ नख अडकवायला खाच असते आणि उघडायला दोन्ही हात लागतात.

धार खाली दाबून कापले, तर कापल्या जाणाऱ्या वस्तूचा विरोध पात्याला उघडेच ठेवतो. त्यामुळे दोरी, फळ, साल, कोवळी फांदी कापताना कळ नसल्याचे काही अडत नाही. पण टोक खुपसून भोक पाडायला गेले, फटीत पाते घालून पिळले किंवा रुतलेले पाते उलटे हिसकले, की ते मिटते आणि धार थेट तर्जनीवर येते. या चाकूच्या बहुतेक जखमा अशाच होतात. तो कापण्यासाठी आहे, भोसकण्यासाठी नाही, ही मर्यादा त्याच्या घडणीतच घातलेली आहे. काहींना ती उणीव वाटते. हातात चाकू असताना माणसाला सावध ठेवणारी हीच त्याची सर्वात मोठी सोय आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

जिल्ह्यातल्या घरात कापायच्या वस्तूंची वाटणी ठरलेली असते. भाजी चिरायला पावशी, मटणाला सत्तूर, धान कापायला विळा, सरपणाला कुऱ्हाड, सुपारीला सरोता. जुनी माणसे सरोता आणि चुन्याची डबी चंचीत घालून कमरेला खोचत. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आला, चंची मागे पडली आणि सुपारी कातरण्याचे काम पानठेल्यावर गेले. घडीचा चाकू या सगळ्यांच्या मधल्या जागेत काम करतो : ज्या कामासाठी घरी जाऊन अवजार आणणे परवडत नाही, अशा कामांसाठी.

त्यातले सर्वात नेहमीचे काम म्हणजे पोत्याची शिवण उघडणे. भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणा (धानाची लावणी) सुरू झाला की बांधीच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) खताची पोती येतात (युरियाचे पोते आता 45 किलोंचे असते) आणि धान निघाले की कट्टे भरायला तीच रिकामी पोती पुन्हा हवी असतात. पोते फाडले तर ते वाया जाते. शिवण निरखून पाहिली, तर तिच्या एका अंगाला सरळ टाके दिसतात आणि दुसऱ्या अंगाला साखळी. साखळीच्या योग्य टोकाचा एकच दोरा चाकूने कापून ओढला, की सगळी शिवण सरसर उसवत जाते, पोते शाबूत राहते आणि दोराही अखंड हाती येतो. चुकीच्या टोकाने ओढले की गाठ बसते. हे काम विळ्याने होत नाही, कारण त्याचे वाकडे पाते दोऱ्याबरोबर पोतेही धरते.

दुसरे काम तलावावरचे. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव ही या जिल्ह्याची मोठी पुंजी आहे. त्यांतले मासे आणि शिंगाडे यांवर ढिवर कुटुंबांची गुजराण चालते. नायलॉनच्या जाळ्याचा तुटका फास काढून नवा दोरा भरायला लहान पातेच लागते. शिंगाड्याचे काम त्याहून नाजूक. ऑक्टोबरपासून बाजारात येणाऱ्या ओल्या शिंगाड्याला दोन्ही अंगांना टोकदार शिंगे असतात. चाकूने आधी ती टोके उडवायची, माथ्याचा लहानसा तुकडा काढायचा आणि मग सालीखाली पाते आडवे सरकवत न्यायचे. साल चिवट, गर मात्र ठिसूळ आणि रसाळ. मोठ्या सुरीने सालीबरोबर निम्मा गर जातो. बोटभर पात्याने पांढरा गर अखंड निघतो.

तिसरे काम कलमांचे. कलम बांधायचा चाकू बहुधा याच जातीचा, कळ नसलेला घडीचा असतो. फरक धारेत असतो : तिला एकाच बाजूने उतार दिलेला असतो, म्हणजे काप अगदी सपाट येतो. आंब्याच्या कलमात काडीचे टोक चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या पाचरीसारखे तासतात आणि खुंटाला तेवढीच चीर देऊन त्यात बसवतात. काप ओबडधोबड झाला तर दोन्ही साली एकमेकींना भिडत नाहीत आणि कलम वाळते. धुऱ्यावरच्या गावठी बोरीवर सुधारित बोरीचा डोळा भरतानाही हेच पाते चालते. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे किंवा चांगल्या रोपवाटिकेत अनुभवी हाताचा एकच काप पाहिला, की लहान धारदार पात्याचे मोल लक्षात येते. पाते एकदाच ओढले जाते, दुसऱ्यांदा त्याच जागी टेकत नाही.

याखेरीज जाम (पेरू), काकडी, कैरी कापणे, मोटारपंपाच्या वायरचे आवरण सोलणे, ठिबकची नळी छाटणे, पार्सलची पट्टी फाडणे अशी कामे दिवसभर चालू असतात. वायर सोलताना आधी वीज बंद करावी. चाकूच्या मुठीतून धातूची पट्टी आणि खिळे आरपार गेलेले असतात, त्यामुळे प्लॅस्टिकची मूठ विजेपासून वाचवत नाही.

लहान चाकूचा जुना संबंध लेखणीशी आहे. 1853 पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि कारकुनाचे काम बोरूवर चाले. बोरू तासायचा, टोकाला चीर द्यायची आणि तिरकी कत मारायची, तर हाताशी लहान धारदार पाते हवेच. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी हीच गरज होती. घडीचे चाकू मात्र त्याहून फार प्राचीन आहेत. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा घडीचा चाकू मिळाला आहे. पाठीला स्प्रिंग असलेली आजची रचना सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी रूढ केली. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये इबाख येथे कारखाना काढला, 1891 पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. तोच पुढे जगभर गेला. त्यांचा किल्लीच्या जुडग्यात मावणारा, मिटल्यावर 58 मिलिमीटरचा चाकू मराठी घरांत परदेशातल्या नातेवाइकांची भेट म्हणून पोहोचला आहे.

भंडाऱ्याच्या बाजारात मिळणारा चाकू बहुधा बाहेरून आलेला असतो. हे मनाला लागते, कारण अशा चाकूला जे जे लागते ते याच जिल्ह्यात आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत आणि स्प्रिंगच्या पोलादाला मॅंगनीज हवेच असते. वरठीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. भंडारा शहराची पितळेच्या भांड्यांसाठी ख्याती आहे, आणि चांगल्या चाकूच्या मुठीतल्या पट्ट्या व खिळे बहुधा पितळेचे असतात. गावचा लोहार विळा आणि कुऱ्हाड उत्तम घडवतो. पण पातळ पट्टीला नेमके पाणी देऊन हजारो वेळा वाकली तरी न थकणारी स्प्रिंग करणे हे वेगळे कसब आहे आणि त्याचा धंदा इथे रुजला नाही.

‘खिशात चाकू’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटांतला रामपुरी उभा राहतो. उत्तर प्रदेशातील रामपूरचा तो चाकू लांब पात्याचा, बटण दाबताच उघडणारा आणि उघडल्यावर पक्का बसणारा. हल्ल्यासाठी जे लागते ते सर्व त्यात आहे, आणि नेमके तेच या चाकूत नाही. दोघांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे, तरी कायद्याची बाजू नीट माहीत असलीच पाहिजे.

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. शस्त्र नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातूनही वगळले आहेत. पाते पक्के बसते की नाही, हा निकष या मापात नाही. इंग्लंडमध्ये मात्र तोच निर्णायक आहे : 1988 च्या कायद्याने तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा खिशातला चाकू बाळगायला मुभा दिली आणि पुढे तिथल्या न्यायालयाने कळ लागणारा चाकू त्या मुभेत बसत नाही असे ठरवले.

याचा अर्थ लहान चाकू कुठेही, केव्हाही चालतो असा नाही. सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आदेश काढतात. त्या कलमात काठ्या-लाठ्यांबरोबर चाकूंचाही नावानिशी उल्लेख आहे. असा आदेश लागू असताना पात्याची लांबी सांगून सुटका होत नाही. भांडणात कोणावर चाकू चालवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 खाली कापण्याचे कोणतेही साधन घातक ठरते, मग ते कितीही लहान असो. विमानाच्या हातातल्या सामानात चाकू नेता येत नाही. न्यायालयाच्या किंवा अन्य तपासणीच्या दारातून जायचे असेल, तर तो घरीच ठेवावा.

भंडारा जिल्ह्यात आणखी एक नियम विशेष महत्त्वाचा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शस्त्राच्या व्याख्येत जाळी, फास, गळ यांच्याबरोबर चाकूही आहेत आणि कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात जाता येत नाही. कोका अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. नागझिरा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांचे जंगलही जिल्ह्याला लागून किंवा जिल्ह्यात पसरलेले आहे. तेव्हा आंबा कापायला म्हणून खिशात ठेवलेला चाकूही सफारीच्या फाटकाआत नेऊ नये. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे जंगलाच्या कडेला जाणाऱ्यांनी वाघाच्या भीतीने तो जवळ बाळगू नये. तिथे त्याचा काही उपयोग नाही. एकटे न जाणे आणि उजाडल्यावर जाणे हेच उपयोगाचे.

पात्याचे पोलाद साधे असेल तर शिंगाडा, सुपारी, कैरी यांतल्या तुरट द्रव्यामुळे ते निळे-काळे पडते. हा डाग गंज नव्हे, त्याने धारही जात नाही. खरा गंज येतो तो मुठीच्या खाचेत, रोवण्याच्या दिवसांत ओल्या खिशातला चाकू तसाच मिटून ठेवल्यामुळे. काम झाल्यावर पाते पुसावे, खाचेतली माती आणि सुपारीचा भुगा काडीने काढावा आणि सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडावा. जिल्ह्यात जवस पिकतो म्हणून त्याचे तेल वापरण्याचा मोह होतो, पण ते हवेत वाळून चिकट थर धरते आणि पाते जाम होते. धार लावताना पाते दगडावर जवळजवळ आडवे, पंधरा-वीस अंशांत धरावे. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिले, तर ठिणग्या उडू न देता हलक्या हाताने लावायला सांगावे, कारण तापलेल्या धारेचे पाणी उतरते. सांध्याचा खिळा ढिला होऊन पाते डावे-उजवे हलू लागले, तर ऐरणीवर खिळ्याचे डोके हलके ठोकून तो घट्ट होतो आणि हे गावचा लोहार करून देतो. स्प्रिंग मात्र एकदा मेली, पाते ‘टक्’ न करता लोंबू लागले, की तो चाकू वापरातून काढावा.