मुंबईजवळ राहायला जायचंय? उपनगर निवडण्याआधी बुलढाण्याच्या कुटुंबांनी काय तपासावं

दरवर्षी एप्रिल-मे आला की शाळेत दाखला मागायला येणाऱ्या पालकांची रांग लागते. कोणी पुण्याला जातो, कोणी संभाजीनगरला, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडचे बरेच जण मुंबईकडे निघतात. “सर, मुंबईला चाललो,” असं ते सांगतात. मुंबईत कुठे, असं आम्ही विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: “मेहुणा राहतो तिथेच बघू.”

नातेवाइकांच्या आधाराने जाणं चुकीचं नाही. परक्या शहरात पहिला महिना तोच आधार असतो. पण मेहुण्याची नोकरी, त्याच्या मुलांचं वय, त्याची ऐपत वेगळी आणि आपली वेगळी. गावाकडची दोन एकर जमीन किंवा बायकोचे दागिने विकून घर घ्यायचं असेल, तर फक्त ओळखीवर भागत नाही. म्हणून ही माहिती एका जागी मांडत आहोत.

आधी स्वतःला विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, कामाची जागा कुठे आहे? मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, लोकलच्या वेळेत मोजतात. मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा तीन मुख्य मार्गांपैकी ज्या मार्गावर काम, त्याच मार्गावर घर बघावं. मार्ग बदलावा लागला की रोजचा अर्धा-पाऊण तास सहज वाढतो.

दुसरा, मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची? उर्दू, मराठी की इंग्रजी? तिसरा, घरात म्हातारी माणसं किंवा कायमचं औषध चालू असलेलं कोणी आहे का? असेल तर दवाखाना जवळ पाहिजे. चौथा, गावी किती वेळा यायचं? ईद, लग्न, मयत, सैलानीची यात्रा, शेतीची कामं, या सगळ्यांसाठी येणं-जाणं होतंच.

चौथ्या प्रश्नाचा परिणाम जागेवर होतो. मलकापूर आणि शेगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहेत. विदर्भ एक्सप्रेससारखी गाडी कल्याण आणि ठाण्याला थांबते, त्यामुळे मध्य मार्गावर राहणाऱ्याला गावी जाणं सोपं जातं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणून ईदची तिकिटं त्या हिशेबाने काढावीत. मेहकर, सिंदखेड राजा, लोणारकडच्या लोकांना रेल्वे नाही, पण समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे संपतो. त्यामुळे या भागातल्या लोकांना भिवंडी, कल्याण आता पूर्वीपेक्षा जवळ झालं आहे.

कोणतं उपनगर कोणासाठी?

*मुंब्रा-कौसा.* ठाणे महानगरपालिकेचा भाग, मध्य मार्गावर कळवा आणि दिवा यांच्या मध्ये, सीएसएमटीपासून सुमारे 40 किलोमीटर. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं इथे आली आणि वस्ती झपाट्याने वाढली. मशिदी, मकतब, उर्दू शाळा, हलाल खाणं, महिलांना निर्धास्त वावरता येईल असा बाजार, सगळं पायी अंतरावर मिळतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. अडचणी म्हणजे दाटी, पाणी आणि लोकलची गर्दी. इथे मुख्यतः धीम्या गाड्या थांबतात. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच धावत्या लोकलमधून प्रवासी पडून जीव गेले, हे विसरू नये. ज्यांचं काम ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आहे त्यांच्यासाठी मुंब्रा चांगलं. रोज सकाळी नऊला दक्षिण मुंबईत पोचायचं असेल तर दोनदा विचार करावा.

*मीरा रोड.* पश्चिम मार्गावर, दहिसरच्या पुढे, मीरा-भाईंदर महानगरपालिकेत. स्टेशनजवळचा नया नगर भाग जुनी मुस्लिम वस्ती म्हणून ओळखला जातो. अंधेरी, बोरिवली, वांद्र्याकडे काम असणाऱ्यांना हा भाग सोयीचा. इंग्रजी शाळा भरपूर आहेत. भाडं आणि घरांच्या किमती मुंब्र्यापेक्षा जास्त. आपल्याकडची गाडी पकडायला मात्र दादरला किंवा ठाण्याला जावं लागतं.

*कुर्ला.* मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत. मध्य आणि हार्बर दोन्ही मार्ग इथे मिळतात, लोकमान्य टिळक टर्मिनस इथेच, आणि वांद्रे-कुर्ला संकुल शेजारी. प्रवासाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची जागा नाही. पण त्याच पैशात इथे फार लहान खोली मिळते. एकटा कमावता माणूस आधी इथे राहून काम पक्कं करू शकतो. चार-पाच जणांच्या कुटुंबाला जागा कमी पडते.

*गोवंडी-शिवाजीनगर.* हार्बर मार्गाजवळ, भाडं कमी. पण देवनारचं कचरा डेपो शेजारी आहे. लहान मुलांना किंवा कोणाला दम्याचा त्रास असेल तर स्वस्त भाड्यातले पैसे दवाखान्यात जातील.

*भिवंडी आणि कल्याण.* भिवंडी म्हणजे पॉवरलूम आणि आता मोठमोठी गोदामं. हाताला काम लवकर मिळतं. रईस हायस्कूलसारख्या उर्दू शिक्षणाच्या जुन्या संस्था इथे आहेत. मात्र सीएसएमटीला जाणारी थेट लोकल नाही. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे आणि बहुतेक लोक बस-रिक्षाने कल्याण किंवा ठाणे गाठतात. कल्याण सीएसएमटीपासून सुमारे 54 किलोमीटर, पण जलद लोकल आणि लांबच्या गाड्या दोन्ही मिळतात. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला येण्या-जाण्यासाठी कल्याण सगळ्यात सरळ.

*तळोजा-पनवेल.* सिडकोने वसवलेला भाग, रस्ते रुंद, इमारती नव्या. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो नोव्हेंबर 2023 पासून सुरू आहे. न्यू पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर तंत्रशिक्षण संकुल आहे, त्यामुळे मुलं इंजिनिअरिंग, फार्मसीकडे जाणार असतील तर उपयोग होतो. सिडकोच्या घरांची सोडतही निघते. तळोजा एमआयडीसीमुळे हवेचा त्रास आणि मुंबईपर्यंतचा लांब प्रवास या दोन बाजू लक्षात ठेवाव्यात.

स्वस्त घर कधीकधी सगळ्यात महाग पडतं

4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शीळ इथे बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. सप्टेंबर 2020 मध्ये भिवंडीत पहाटे इमारत पडून सुमारे 40 जणांचा जीव गेला. मरणारे बहुतेक बाहेरगावाहून पोटासाठी आलेले गरीब लोक होते.

जीव वाचला तरी घर जाऊ शकतं. डोंबिवली-कल्याणमध्ये 65 इमारतींनी महापालिकेची खोटी परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या लोकांनी पैसे भरले होते, बँकेचं कर्ज काढलं होतं, महारेराचा नंबरही बघितला होता. तरी ते अडकले.

म्हणून घर घेताना ही कागदपत्रं बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये:

- जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि जमीन बिगरशेती झाल्याचा कागद.
- महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. त्याचा क्रमांक घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खात्री करावी. बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये. डोंबिवलीत नेमकं तिथेच फसलं.
- महारेराचा नोंदणी क्रमांक. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि 8 पेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला ही नोंदणी लागते. वेबसाइटवर प्रकल्पाची सगळी माहिती फुकट बघता येते.
- तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर पाणी, कर्ज, पुढची विक्री सगळ्यात अडचण येते.
- किंमत कार्पेट एरियावर आहे की नाही. कायद्याप्रमाणे ती कार्पेटवरच धरावी लागते.

नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कोणी “स्टँप पेपरवर नोटरी करून देतो” म्हणाला, तर ते घर आपल्या नावावर झालं असं समजू नये. मालकी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाल्यावरच होते. आणखी एक फायद्याची गोष्ट: घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. बायको-मुलीचा हक्कही सुरक्षित होतो.

कर्जाच्या व्याजाचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना सतावतो. त्यात उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, आपल्या विश्वासाच्या आलिमला विचारूनच ठरवावं. आम्ही एवढंच सांगू की व्याज टाळायचं म्हणून कागद नसलेलं रोखीचं घर घेणं, हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यापेक्षा भाड्याने राहून पैसे साठवलेले बरे.

भाड्याने घेताना

पहिलं वर्ष भाड्यानेच राहावं, असं आमचं मत आहे. पावसाळा एकदा तिथे काढला की पाणी कुठे तुंबतं, लोकल किती बंद पडते, शेजार कसा आहे, सगळं कळतं. आपले बुजुर्ग घराआधी शेजार बघायला सांगतात, ते उगाच नाही.

भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे. घर मालकाकडे तसा आग्रह धरावा, कारण शाळेच्या प्रवेशापासून गॅसपर्यंत तोच कागद लागतो. “हेवी डिपॉझिट” म्हणून मोठी रक्कम देणार असाल, तर घर खरंच त्या माणसाच्या नावावर आहे का ते आधी बघा आणि पैसे बँकेतूनच द्या.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. काही सोसायट्यांमध्ये नाव ऐकताच “जागा गेली” असं उत्तर मिळतं. मन दुखतं, पण त्या घाईत मिळेल ते अनधिकृत घर धरू नये. चार ठिकाणी नकार आला तर पाचव्या ठिकाणी बघा. मिश्र वस्तीत चांगला शेजार मिळाला तर मुलांसाठी तेही भल्याचंच.

मुलांची शाळा

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मुंबईकडे त्या आधीच, जूनच्या मध्यावर सुरू होतात. आपल्याकडच्या तारखेने गेलात तर मूल तिथे उशिराच पोचतं. म्हणून निकाल लागताच दाखला घ्या. वर्षाच्या मध्यात, विशेषतः नववी-दहावीत, मुलांना हलवू नका.

मूल उर्दू माध्यमात शिकत असेल तर त्याच माध्यमाची जवळची शाळा आधी शोधा. मुंबई महापालिकेच्या उर्दू आणि मराठी शाळा आहेत, ठाणे महापालिकेच्याही आहेत. फक्त शहरात आलो म्हणून सातवीतल्या मुलाला एकदम इंग्रजी माध्यमात टाकलं की हुशार मूलही मागे पडतं. असे विद्यार्थी पुन्हा गावी परत आलेले आम्ही पाहिले आहेत.

आरटीईच्या 25 टक्के प्रवेशात घरापासून शाळेचं अंतर बघितलं जातं, आणि भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत करारच चालतो. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना हा 25 टक्क्यांचा नियम लागू नाही, हेही ध्यानात ठेवा.

बुलढाणा सोडण्याआधी

हे भाग लोक हमखास विसरतात. ओबीसीत येणाऱ्या मुस्लिम बिरादरींना जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. तो पुरावा, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुनं खरेदीखत, आपल्या तालुक्यातच मिळणार. मुंबईत बसून तो निघत नाही. जायच्या आधी जातीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि सगळ्यांच्या आधारवरची नावं एकसारखी करून घ्या. उर्दू नावांच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी शिष्यवृत्ती अडकते.

रेशन कार्ड रद्द करायची घाई नको, एक देश एक रेशन योजनेत धान्य दुसरीकडेही घेता येतं. मतदार यादीतलं नाव मात्र कायम मुक्काम ठरल्यावर फॉर्म 8 भरून बदलून घ्या. दोन ठिकाणी नाव ठेवू नका.

शेवटी

एखादी जागा आवडली की तिथे तीनदा जाऊन या. एकदा सकाळी आठला स्टेशनवर, एकदा जुम्याच्या दिवशी, एकदा रात्री दहाला. घरातल्या बाईला सोबत न्या. पाणी किती वेळ येतं हे पुरुषांना विचारू नका, नळावरच्या बायकांना विचारा. मशीद, शाळा, दवाखाना, औषधाचं दुकान आणि कब्रस्तान किती लांब आहे, ते चालून बघा.

सगळ्यांसाठी सगळ्यात चांगलं असं एकच उपनगर नाही. कामाचा मार्ग, मुलांची शाळा आणि घराचे खरे कागद, या तिन्ही गोष्टी जिथे जुळतात ते आपलं. तिघांपैकी पहिल्या दोन गोष्टींत थोडं मागेपुढे चालेल. कागदांत मात्र नाही. जाणाऱ्या सगळ्या कुटुंबांना अल्लाह चांगलं घर आणि चांगला शेजार देवो.