१९३२ चा संघ आणि नागपूरचे नायडू

श्रोतेहो, बुटीबोरीहून नागपूर काही दूर नाही. म्हणून गोष्टही नागपूरच्या माणसाचीच सांगतो. १९३२ साली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ पहिल्या कसोटी सामन्यासाठी विलायतेस जावयाचा होता. इकडे कायदेभंग चालू, पुढारी तुरुंगात. म्हणून विजय मर्चंट, एल. पी. जय यांच्यासारख्यांनी जाण्याचे नाकारले. खेळाचा राजकारणाशी संबंध काय, असे विचारणारांनी हे ध्यानात ठेवावे. उरलेल्यांतून निवड करताना खरा पेच पडला तो मानाचा. कर्णधार संस्थानिकच हवा! पतियाळाचे महाराज ठरले, त्यांनी माघार घेतली. मग पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार झाले.

आणि सी. के. नायडू? १९२६ साली मुंबईत एम. सी. सी. विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा काढणारे हे गृहस्थ बोटीवर चढले ते दोघांच्याही मागे. पोरबंदरच्या महाराजांचा खेळ यथातथाच. पण आपली पायरी त्यांनी ओळखली, हे मान्य केलेच पाहिजे. लिंबडीकरांची पाठ दुखावली, महाराज स्वतः बाजूला झाले, आणि २५ जून रोजी लॉर्ड्सवर संघ घेऊन उतरले ते नायडू. सामना १५८ धावांनी गेला. हात दुखावलेला असताना नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा काढल्या. त्या डावात आपल्याकडून त्याहून अधिक कोणाच्याच झाल्या नाहीत.